लाल पट्ट्यातली पांढरी भाकरी

फाल्गुन लागला की माझी मान आपोआप वर जाते. दुपार कलायला लागली की विभागाच्या गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे बघत उभं राहायचं, ही माझी जुनी खोड. सहकारी थट्टा करतात, "काय मॅडम, उपग्रहाची वाट बघताय?" उपग्रह असा दिवसाउजेडी दिसत नाही, आणि तो येतो तेव्हा मी बहुतेक वेळा चहा पीत असते. तो आपल्या वेळेला येतो, फोटो काढतो आणि निघून जातो. आपण केस विंचरलेत की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मी बघते ते ढग. बूड सपाट, वर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगत गेलेले, आणि पोटात किंचित हिरवट झाक. ती झाक दिसली की मला धास्ती वाटते आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, कुतूहलही जागं होतं. दोन्ही एकदम. गेल्या कित्येक वर्षांत यातलं एकही कमी झालेलं नाही.

मी या शहरातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. त्यातही नैसर्गिक आपत्ती, आणि त्या आकाशातून कशा दिसतात ते. एका लग्नात कुणीतरी माझ्या जाऊबाईंना विचारलं, तुमच्या धाकट्या जाऊ काय शिकवतात? त्या म्हणाल्या, "संकटं." मला ते इतकं आवडलं की पुढे वर्गात पहिल्या दिवशी मी तसंच सांगायला लागले.

संकटं वरून पाहायची म्हणजे फसायची तयारी ठेवावी लागते. रडारच्या चित्रात साचलेलं पाणी काळं दिसतं, हे शिकवून झाल्यावर एका वर्षी माझ्या वर्गानं बिडकीनजवळ एक मोठा पूर शोधून काढला. मोठ्या उत्साहानं मला बोलावलं. पूर होता खरा, पण तो सरळ रेषेत वाहत होता आणि चौकाचौकात काटकोनात वळत होता. औद्योगिक वसाहतीचे नवेकोरे, रुंद, रिकामे रस्ते होते ते. गुळगुळीत डांबरही रडारला पाण्यासारखंच काळं दिसतं. वर्ग हसून लोळला. मीही हसले, पण घरी जाताना वाटलं, की उद्या यांच्यातलं कुणी मोठ्या हुद्द्यावर बसेल आणि कुणाला पूर आला नि कुणाला नाही, हे अशाच काळ्या डागांवरून ठरवेल. तेव्हा हसायला कोण असेल?

यंदाही प्रात्यक्षिक परीक्षा चालू आहेत. खाली मुलं नकाशावर उत्तर दिशेचा बाण काढायला विसरताहेत. दौलताबादच्या अंगाला एक ढग चढतोय आणि मला तो दुसरा फाल्गुन आठवतोय, मनीषाचा.

मनीषा त्या वर्षी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. देवगाव रंगारीच्या बाजूच्या एका लहानशा गावची. वडील ती लहान असतानाच गेले. तिला शिकवलं ते चुलत्यांनी, नानांनी. गावातले लोक म्हणायचे, पोरीला इतकं शिकवून काय करता? त्यावर नानांचं उत्तर ठरलेलं, "आमची मनी आभाळातून बगती समद्यांच्या वावरात." कशातून बघते, कशी बघते, हे नानांना ठाऊक नव्हतं. पण सांगताना छाती अशी काढायचे, की उपग्रह त्यांनीच सोडलाय असं वाटावं.

त्या दुपारी शहरात नुसती धूळ उडाली. प्रयोगशाळेच्या खिडक्या लावेपर्यंत टेबलांवर थर बसला. मनीषाचा फोन वाजला, गावाकडून. तिनं तो कानाला लावला आणि मग तसाच आमच्यापुढे धरला. फोनमधून माणसाचा आवाज येतच नव्हता. पत्र्यावर कुणीतरी डंपरनं खडी ओतत असावं असा आवाज, आणि त्याच्या मागे कुठंतरी एक गाय हंबरत होती. आम्ही सगळे त्या लहानशा फोनभोवती वाकून गारा ऐकत उभे होतो.

गारेचं आणि माझं नातं तसं लहानपणापासूनचं. आमच्या घरी फ्रिज नवा होता तेव्हा आईनं एक मोठी गार वाटीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती. पुढे कितीतरी दिवस आल्या-गेल्याला ती दाखवली जायची. मी रोज कप्पा उघडून बघायची, की ती लहान झाली का. शिकवायला लागल्यावर कळलं की गार कापली तर आत कांद्यासारखे पदर असतात. ढगाच्या पोटात वर-खाली हेलकावे खाताना एकेक थर तिच्यावर चढत जातो. म्हणजे प्रत्येक गार आपल्या प्रवासाची हकिगत पोटात घेऊन खाली येते आणि आल्या आल्या विरघळते. पीक झोडपणाऱ्या गोष्टीचं इतकं कौतुक वाटावं, याची लाज वाटते कधीकधी. पण वाटतं, त्याला काय करणार.

आभाळ निवळल्यावरचं पहिलं चित्र मिळालं तेव्हा मनीषा खुर्चीच्या कडेवर बसली होती. पद्धत सोपी आहे. गारांच्या आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र एकमेकांवर ठेवायचं. मधल्या दिवसांत जिथलं पीक नाहीसं झालं, तिथं लाल रंग द्यायचा. पडद्यावर एक लांब तिरपा लाल पट्टा उमटला. मनीषाचं गाव त्याच्या बरोबर मधे होतं. ओढ्याच्या अलीकडे लाल, पलीकडे लाल. तिनं चित्र मोठं केलं, नानांचं शेत शोधलं, तेही लाल. तिनं डोळे पुसले आणि प्रबंधाच्या नोंदी लिहायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ही बातमी गावभर झाली होती. आभाळातून फोटू निघालाय आणि त्यात समदं शिवार लाल हाय, असं नानांनी पारावर बसून सांगितलं. तलाठी भाऊसाहेबांपर्यंत गोष्ट गेली. माणूस भला. त्यांच्याकडे गावं पुष्कळ आणि पाय दोनच. त्यांनी मला फोन केला, "मॅडम, नकाशा पक्का झाला की द्या. जिथं लाल असेल तिथून पंचनामे सुरू करतो. पांढरं असेल तिथं मग बघू." मग बघू म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तोवर लोक रान मोकळं करतात, नासलेलं गुरांपुढे टाकतात, आणि बघायला काही उरत नाही. एका पोरीचा अभ्यासाचा नकाशा अचानक जड झाला.

शंका काढली ती सलीमनं. मनीषाचा वर्गमित्र, आमच्या विभागातला सगळ्यात तिरक्या नजरेचा मुलगा. पडद्याला नाक लावून म्हणाला, "मॅडम, ये देखो. इत्ती सीधी लकीर कैसी? गारां बांध पे रुक जाते क्या?"

मी वाकून पाहिलं. लाल तुकड्यांपैकी बरेच चौकोनी होते. कडा बांधाला बांध लावून कापलेल्या. गारांना कुणाचा बांध कुठं संपतो ते कळत नाही, विळ्याला कळतं. जी शेतं गारांच्या आधी एक-दोन दिवस काढून झाली होती, तीही उपग्रहाला 'पीक नाहीसं झालं' अशीच दिसत होती. झोडपलेलं रान आणि कापलेलं रान, वरून दोन्ही सारखंच उघडं.

"म्हणजे जावं लागणार," मनीषा म्हणाली. आमच्या कामात याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात. मला आपला 'शहानिशा' हा शब्द जास्त आवडतो. त्यात जरा माणसांत बसल्यासारखं वाटतं.

आम्ही तिघं गेलो त्या दिवशी शिवारात सगळीकडे कांदा चिरल्यासारखा वास सुटला होता. गारांनी कांद्याच्या पाती ठेचून टाकल्या होत्या आणि ऊन वर चढेल तसा तो वास चढत होता. सलीमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते आवर्जून सगळ्यांना दाखवत होता. लिंबाखाली पानांचा इतका जाड थर होता की पाय रुतत होते. गहू एका दिशेनं निजलेला, जणू कुणी हातानं थोपटून झोपवलाय. ही रानं वादाची नव्हती, ती सरळ लाल.

वाद होता तो कापलेल्या रानांचा. ओढ्याच्या अलीकडे नानांचं ज्वारीचं रान, स्वच्छ कापलेलं. पलीकडे यमुनाबाईंचं, तेही तसंच स्वच्छ कापलेलं. यमुनाबाई म्हणजे मनीषाच्या लहानपणापासूनची शेजारीण. मुलगा शेंद्र्याला कंपनीत, त्या गावात एकट्या शेत बघतात. सलीमनं दोन्ही रानांत उभं राहून धसकटं पाहिली आणि म्हणाला, "दोनो सफेद. काट लिये थे पहलेच." नियमानं त्याचं बरोबर होतं. आधी काढलेलं पीक वाचलं.

आम्ही लोकांना विचारायचे प्रश्नही तयार करून नेले होते. त्या प्रश्नांचं काय झालं ते सांगण्यासारखं आहे. ज्याला विचारावं तो एकच उत्तर देई.

"काय ऱ्हायलं नाय मॅडम. गेलं समदं."

ज्याचं खरंच गेलं होतं तो हेच म्हणत होता, ज्याचं पट्ट्याबाहेर डोलत होतं तोही हेच. यात लबाडी होती असं म्हणणाऱ्यानं आपल्याकडचं गाव पाहिलेलं नाही. पीक चांगलं आहे, असं तोंडानं म्हणायचं नसतं. नजर लागते. भरल्या खळ्यावर उभा असलेला माणूसही 'बरं हाय, चाललंय' यापुढे जात नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची ही रीत, तिच्यापुढे माझे चार छापील प्रश्न काय टिकणार? पण त्यामुळे एक विचित्र गोष्ट झाली होती. ज्याचं गेलं होतं त्याच्याकडे ते सांगायला वेगळे शब्दच उरले नव्हते.

नाना आम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नव्हतेच. ओसरीवर निळ्या पट्ट्याचं पोतं अंथरलं, पाण्याचे तांबे ठेवले, आणि हात धुता धुता त्यांनीही म्हणून घेतलं, "काय ऱ्हायलं नाय बगा यंदा." मग ताटं आली. भरलं वांगं, ठेचा, कच्चा कांदा, आणि तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी. शहरात आम्ही खातो ती भाकरी मला एकदम मळकट वाटायला लागली. इतकी पांढरी, इतकी मऊ, की पदर सुटून आलेला.

"नवी जवारी हाय," आतून मनीषाच्या काकू म्हणाल्या. त्यांना राहवलं नाही. "परवाच दळून आणली."

मनीषाचा घास हातातच राहिला. तिनं भाकरीकडे पाहिलं, मग नानांकडे. नाना खाली मान घालून वांग्याचा देठ चोखत होते. जेवली मात्र पोटभर.

ओढा ओलांडून यमुनाबाईंकडे गेलो. त्यांनी मनीषाच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, आम्हाला बाजेवर बसवलं. त्याही म्हणाल्या, "गेलं माय समदं." मग कोरा चहा दिला. मी आपलं घराच्या मागं पसरलेल्या शिवाराचे फोटो काढत होते. निघताना त्या म्हणाल्या, "जेवाया थांबवलं असतं, पर आज उपास हाय माझा. चूलच पेटवली नाय."

ओढ्यापाशी आल्यावर मनीषा थांबली.

"मॅडम, यमुनामावशीचा सोमवार असतो. आज शनिवार हाय."

"मग?"

"मावशीच्या घरून कोणी न जेवता गेलंय, असं मी जन्मात पाह्यलं नाय."

ती मागे फिरली आणि आम्ही तिच्या मागोमाग. ती थेट घरात शिरली आणि म्हणाली, "मावशी, जवारी दाव की." यमुनाबाई दारात उभ्या राहिल्या, थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या, मग मागच्या सोप्यातलं मेणकापड त्यांनी उचललं. कुबट वास आला. खाली कणसांचा ढीग होता, काळा पडलेला. काही दाण्यांना मोड आले होते.

"कापून ठिवली व्हती रानातच," त्या सांगायला लागल्या. "पोराला म्हणलं, ये रे, वढून घरी आणू. त्याला सुट्टी भेटली नाय. म्या एकली किती वढू? दुसऱ्या दिशी आलं आभाळ." मग मनीषाकडे न बघता म्हणाल्या, "ह्या जवारीची भाकर काळी व्हती, माय. तुझ्या मॅडमच्या ताटात कशी घालू?"

  माझ्या मनात एक गोष्ट लख्ख झाली होती, आणि त्या कुबट अंधारातही तिचं नवल वाटत होतं. ज्या रीतीनं सगळ्यांना एकच वाक्य बोलायला लावलं, त्याच गावातली दुसरी रीत खरं सांगत होती. पाहुण्याच्या ताटात चांगलं तेच घालायचं. तोंड काही म्हणो, ताट खोटं बोलत नव्हतं.

पुढचे दोन दिवस आम्ही कापलेल्या प्रत्येक रानाच्या मालकाकडे जेवायच्या वेळेला जाऊन बसलो. लाज सोडून. जिथं पांढरी भाकरी आली तिथं सोप्यात डोकावून खात्री करायची आणि रान पांढरं करायचं. जिथं चहावर बोळवण झाली तिथं 'जवारी दावता का' म्हणायचं. सलीमला तिसऱ्या घरी ठसका लागला आणि त्यानं जाहीर केलं की संशोधनासाठी याहून जास्त ठेचा त्याच्याच्यानं होणार नाही. पुढे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मनीषाला विचारलं, कापलेल्या रानांची पडताळणी कशी केली? ती म्हणाली, "जेवून, सर." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

पण तो विनोद नंतरचा. त्याआधी नकाशा पक्का करायचा होता, आणि त्यात नानांचं रान होतं.

प्रयोगशाळेत ती पडद्यापुढे बसून राहिली. मी म्हटलं, हवं तर हा एक तुकडा सलीमला करू दे. ती म्हणाली, "नको मॅडम. नानांचं लाल ठेवलं तर भाऊसाहेब पहिले रस्त्याकडंच्या त्यांच्याच रानात जातील, धसकटं बघतील आणि म्हणतील, हा नकाशाच खोटा. मग वढ्यापल्याड कोण जाईल?" आणि तिनं नानांचं रान पांढरं केलं. यमुनाबाईंचं लाल राहू दिलं. मग टेबलावर डोकं ठेवून रडली. "नाना मला घरात घेतील का, मॅडम?" मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला त्या दिवशी आम्ही दोघी तिथं होतो. माणसं आपापलं रान शोधत होती. नाना पुढे आले. लालभडक शिवारात आपला पांढरा तुकडा त्यांना लगेच सापडला.

"ह्यो आपला व्हय?"

"व्हय, नाना."

मागून कुणीतरी हसत म्हणालं, "नाना, तुमचं तर समदं गेलतं म्हणं?"

नाना वळले. "गेलतं कुठं? घरात हाय. कापली, वढली, घरात टाकली." नजर लागायची ती लागो, अशा आवाजात ते म्हणाले. आणि मनीषाकडे न बघता निघून गेले.

त्या आठवड्यात भाऊसाहेबांनी ओढा ओलांडला. यमुनाबाईंच्या मेणकापडाखालचं त्यांनी पाहिलं, लिहून घेतलं. मनीषा मात्र त्यानंतर घरी गेलीच नाही. अभ्यास आहे, म्हणायची. घरून फोन यायचा तो काकूंचा, नानांचा नाही. एवढी हसरी पोर, प्रयोगशाळेत मान खाली घालून बसायला लागली. मला माझ्या विषयाचा पहिल्यांदाच थोडा राग आला.

प्रबंध बांधायला टाकण्याआधी काही रानं पुन्हा एकदा पाहायची, असा आमचा शिरस्ता आहे. चैत्र उतरत आला होता. गावात शिरल्यावर मनीषा स्वतःच्या घराच्या वाटेला वळलीच नाही, सरळ ओढ्यापलीकडे चालू लागली. मी आणि सलीम तिच्या मागोमाग गेलो.

यमुनाबाईंनी आम्हाला बघितलं आणि आधी चुलीकडे गेल्या. "आज जेवल्याबिगर जायाचं नाय." ताटं आली. पिठलं, लसणाची चटणी, आणि भाकरी. पांढरीशुभ्र, पदर सुटलेली. सलीम माझ्याकडे बघायला लागला. आमच्या नियमानं हे रान आता पांढरं व्हायला हवं होतं.

सोप्याच्या कोपऱ्यात ज्वारीची दोन पोती उभी होती, निळ्या पट्ट्याची. नानांच्या ओसरीवर आम्ही तसल्याच पोत्यावर बसून जेवलो होतो. मनीषा त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"तुझा नाना ठिऊन गेला," यमुनाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "म्हणला, पोरगी आपल्या घरी याया लाजंल, पयली तुझ्याकडंच यील. आली की ह्या जवारीचीच भाकर घाल तिला."

सलीमनं हळूच विचारलं, "मनीषा, नकाशे का क्या करें?"

"लालच राहू दे," ती म्हणाली. आणि तिनं ताट पुढे करून आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. जेवण झाल्यावर तिनं हात धुतले, ओढणी सारखी केली आणि आम्हाला न सांगताच ओढा उतरून नानांच्या घराकडे चालू लागली.